निधीसाठी केलेल्या जुन्या अर्जांचा दुसरा काही उपयोग होतो का?

कपाटाची किल्ली (धागाकर्ती)

नमस्कार.

मी एका लहान धर्मादाय संस्थेत काम करते. पगारी माणसे आम्ही सहा, बाकी सारे स्वयंसेवक. गेल्या वर्षी निधीसाठी अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्याबरोबर एका लोखंडी कपाटाची किल्लीही आली. संस्थेने मागच्या ११ वर्षांत निरनिराळ्या देणगीदार प्रतिष्ठानांकडे जे अर्ज केले, त्यांच्या प्रती त्या कपाटात आहेत. मोजल्या तेव्हा ७४ भरल्या. त्यांपैकी २३ मंजूर झाले, ४६ नाकारले गेले आणि उरलेल्या पाचांचे पुढे काय झाले, हे आज संस्थेत कोणालाही सांगता येत नाही.

आता कार्यालयाची जागा कमी होणार असल्याने कपाट रिकामे करावे, असे ठरले आहे. मंजूर अर्जांची कागदपत्रे हिशेबतपासणीसाठी जितकी वर्षे ठेवणे बंधनकारक आहे तितकी ठेवावीत आणि नाकारलेले अर्ज रद्दीत घालावेत, असे विश्वस्तांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. मात्र का पटत नाही, हे मला त्यांच्यापुढे नीट मांडता आलेले नाही. एकेका अर्जामागे दोन-तीन आठवड्यांची मेहनत असते, वस्तीत जाऊन गोळा केलेली माहिती असते, कोणी तरी रात्री जागून जुळवलेले अंदाजपत्रक असते. एका नकारपत्राने ते सगळे निरुपयोगी ठरावे का?

परवा एक जुनी फाईल चाळत होते. टाचणीच्या गंजाचा डाग पडलेल्या एका पानावर "आमच्या कार्यक्षेत्रात शाळाबाह्य राहण्याचा धोका असलेली सुमारे १,२०० मुले आहेत" असे वाक्य होते, आणि समासात माझ्या आधीच्या कोणा सहकाऱ्याने पेन्सिलीने लिहिले होते, "हा आकडा कोठून आला?" मी क्षणभर थबकले, कारण गेल्याच महिन्यात पाठवलेल्या अर्जात मी तोच आकडा उतरवला आहे.

मजकूर पुन्हा वापरणे हा एक उपयोग मला ठाऊक आहे. त्यापलीकडे या कागदांचे काय करता येईल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

दुसरी प्रत

ताई, मजकूर पुन्हा वापरण्याबद्दलच आधी दोन शब्द लिहितो, कारण ठाऊक असूनही तो उपयोग बहुतेक जण चुकीच्या रीतीने करतात आणि मीही त्यांतलाच एक होतो. एकदा जुना अर्ज नव्या देणगीदाराच्या नावाने पाठवताना आम्ही मुखपृष्ठ बदलले, अंदाजपत्रक बदलले, उद्दिष्टांची भाषासुद्धा बदलली. पण नवव्या पानावरच्या आभाराच्या ओळीत आधीच्या देणगीदाराचे नाव तसेच राहिले. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी दूरध्वनी करून अत्यंत सभ्यपणे विचारले, की हे आभार आमच्यासाठी आहेत का. त्या सभ्यतेचीच जास्त लाज वाटली.

त्यानंतर आम्ही अख्खा अर्ज उचलणे बंद केले आणि परिच्छेदांचा संग्रह केला. प्रत्येक परिच्छेदाखाली तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: तो कधी लिहिला, त्यातील माहिती कोठून घेतली आणि तो कधीपर्यंत वापरण्याजोगा आहे. संस्थेचा इतिहास, विश्वस्त मंडळाची रचना, बालसुरक्षेचे धोरण हे परिच्छेद बरीच वर्षे टिकतात. गरजेचे वर्णन आणि आकडे मात्र वर्षभरात शिळे होतात. ज्या परिच्छेदाचा उगम सापडत नाही, तो कितीही सुंदर लिहिलेला असला तरी संग्रहात घ्यायचा नाही, असा आमचा दंडक आहे. आपल्या १,२०० मुलांना त्या संग्रहात जागा मिळाली नसती.

गृहीतकांचा रकाना

मजकूर हा जुन्या अर्जातला सर्वांत कमी मोलाचा भाग आहे, असे माझे मत आहे. अर्ज म्हणजे आपल्या संस्थेला एका विशिष्ट तारखेला काय वाटत होते, तिने काय गृहीत धरले होते आणि कशाचे वचन दिले होते, याचा तारखेसह उपलब्ध असलेला पुरावा होय. वार्षिक अहवाल काम झाल्यावर लिहिला जातो, त्यामुळे त्यात घडलेल्या गोष्टीच आधीपासून ठरवलेल्या होत्या असा भास निर्माण करता येतो. अर्ज काम सुरू होण्यापूर्वी लिहिलेला असल्याने त्याला ही सोय नसते.

आपल्या जुन्या अर्जांपैकी अनेकांना लॉगफ्रेमचा तक्ता जोडलेला असेल. १९६९ मध्ये यूएसएआयडी या अमेरिकी शासकीय संस्थेसाठी तयार झालेली ही पद्धत पुढे जगभरच्या देणगीदारांनी उचलली. मूळ तक्त्यात चार ओळी आणि चार रकाने असतात: पहिल्यात काय करायचे ते, दुसऱ्यात ते झाले हे कशावरून ओळखायचे ते, तिसऱ्यात त्याचा पुरावा कोठे मिळेल ते आणि चौथ्यात गृहीतके. पहिले तीन रकाने आपण घाम गाळून भरतो, आणि चौथा अर्ज पाठवायच्या आदल्या संध्याकाळी. जुने अर्ज वाचायला घ्याल तेव्हा या चौथ्या रकान्यापासून सुरुवात करा, कारण पहिल्या तीन रकान्यांत आपण देणगीदाराशी बोलत असतो, तर चौथ्यात नकळत स्वतःशी बोलून गेलेलो असतो.

एक उदाहरण देते. आम्ही संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतो. सात वर्षांतले नऊ अर्ज मी शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्यांपैकी पाचांत "शाळा संध्याकाळी खोली उपलब्ध करून देईल" हे गृहीतक अक्षरशः त्याच शब्दांत सापडले. ते पाचही अर्ज मंजूर झाले होते, म्हणून त्यांचे अंतिम अहवाल काढून पाहिले. तीन अहवालांत वर्ग उशिरा सुरू झाल्याची नोंद होती आणि तिन्ही वेळा कारण एकच होते, की मुख्याध्यापक बदलले आणि नव्या मुख्याध्यापकांना आधीच्यांचा तोंडी शब्द माहीत नव्हता. तीनदा ठेच लागूनही चौथ्या अर्जात आम्ही तेच वाक्य पुन्हा लिहिले होते, कारण दर वेळी अर्ज लिहिणारी व्यक्ती वेगळी होती. आता खोलीचा लेखी करार ही आमच्या कार्यक्रमाची पहिली पायरी आहे. ही सुधारणा कोणा सल्लागाराने सुचवलेली नाही. रद्दीत जाऊ घातलेल्या कागदांतून ती निघाली.

दुसरा उपयोग गरजेच्या पाहणीचा आहे, आणि इथे नाकारलेले अर्ज मंजूर अर्जांच्या तोडीस तोड ठरतात. देणगीदाराने पैसे नाकारले म्हणून पाहणी खोटी ठरत नाही. आमच्या एका नाकारलेल्या अर्जाला ३१२ घरांच्या पाहणीची प्रश्नावली आणि उत्तरांचे तक्ते जोडलेले होते. सहा वर्षांनी त्याच वस्तीत, त्याच प्रश्नांनी, वर्षाच्या त्याच काळात आम्ही पुन्हा पाहणी केली आणि आम्हाला आयती पायाभूत माहिती मिळाली. यातले "त्याच" हे शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहिते आहे. प्रश्न थोडा जरी बदलला, "मूल शाळेत जाते का?" ऐवजी "मुलाचे नाव शाळेत आहे का?" असे विचारले, तरी दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. म्हणून केवळ निष्कर्षाचा आकडा जपून ठेवू नका, त्याची प्रश्नावलीही जपा.

आणि एक इशारा. अर्जात गरज नेहमी थोडी फुगवलेली असते, हे आपण सगळेच जाणतो. त्यामुळे जुना अर्ज "आम्ही असा दावा केला होता" एवढेच सिद्ध करतो, "परिस्थिती अशी होती" हे नव्हे. पाहणीचे तक्ते जोडलेले असतील तर गोष्ट वेगळी.

जमाखर्च

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु अंदाजपत्रकांचा विषय राहून गेला आहे. मी पंधरा वर्षे संस्थांचे हिशेब पाहतो आहे आणि माझा अनुभव असा आहे, की जुन्या अर्जांतली अंदाजपत्रके एका तक्त्यात मांडली तर संस्थेला स्वतःविषयी अशा गोष्टी कळतात, ज्या वेगवेगळ्या फायलींत असेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाहीत.

सोपा प्रयोग करा. एकाच वर्षात पाठवलेले सर्व अर्ज घ्या आणि प्रत्येकात समन्वयकाच्या वेळेचा किती हिस्सा दाखवला आहे, ते उतरवा. एका संस्थेत मी हे केले तेव्हा एकाच समन्वयकाचा ४० टक्के वेळ तीन अर्जांत आणि ३० टक्के वेळ चौथ्यात दाखवलेला आढळला. चारही अर्ज मंजूर झाले असते तर त्या एका माणसाचा दीडशे टक्के वेळ विकला गेला असता. प्रत्यक्षात दोनच मंजूर झाले आणि प्रकरण निभावले. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे, "बाकीचे नाकारले जातील" असे मनाशी धरून लिहिला गेला होता, इतकेच. मात्र एकाच वेळेचे पैसे दोन देणगीदारांकडून घेतले गेल्याचे हिशेबतपासणीत निघाले असते, तर हेतूची चौकशी कोणी करत बसले नसते.

दुसरा प्रयोग उलट दिशेचा आहे. मंजूर अर्जातले अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन रकाने शेजारी मांडा. भाडे, वीज, हिशेबनिसाचे मानधन, संगणकाची दुरुस्ती यांसाठी अर्जात किती मागितले होते आणि ते पैसे शेवटी कोठून आले, हे पाहा. बहुतेक ठिकाणी असे दिसेल, की देणगीदाराला आवडणार नाही या धास्तीने आपण प्रशासकीय खर्च कमी दाखवला आणि तो अन्य कोठून तरी भागवला. पुढच्या वर्षी तोच कमी दाखवलेला आकडा आपल्या काटकसरीचा पुरावा म्हणून वापरला आणि देणगीदारानेही तो खरा मानला. २००९ मध्ये स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू या नियतकालिकाने संस्थांच्या या उपासमारीच्या चक्रावर एक लेख छापला होता आणि त्याची चर्चा आजही होते. आपले चक्र आपल्याच कपाटात आहे. अकरा वर्षांची अंदाजपत्रके हाताशी असतील तर कार्यक्रमाचा खरा खर्च काय पडतो, हे आपण पुढच्या देणगीदाराला अजिजी न करता सांगू शकाल.

झाकली मूठ

सर्वांचे प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही मी थोडा विरोधी सूर लावते, कारण त्या कपाटात केवळ संस्थेचे कागद नाहीत.

अर्जांना माणसांच्या कहाण्या जोडलेल्या असतात. एखाद्या मुलीचे नाव, छायाचित्र, तिच्या घरातल्या मारहाणीचे वर्णन, आजाराचा उल्लेख. आणि तिने किंवा तिच्या आईने संमती दिली असेल तर ती त्या एका अर्जापुरती. अकरा वर्षांनी ती मुलगी मोठी झालेली आहे आणि आपली हकिकत कोणाच्या संगणकात पडून आहे, हे तिला माहीतही नाही. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी आणि गरज संपल्यावर ठेवू नये, ही दोन्ही तत्त्वे युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीत स्पष्टपणे लिहिलेली आहेत. आपण त्या नियमावलीखाली येत असाल किंवा नसाल, ती पाळायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. म्हणून क्रम असा ठेवा, की आधी प्रत्येक फाईलमधून व्यक्तींच्या ओळखीचे तपशील बाजूला काढायचे आणि ते कागद रद्दीत न देता बारीक कापून नष्ट करायचे, आणि मगच उरलेल्या कागदांचे काय करायचे याचा विचार करायचा.

अलीकडे जुने अर्ज एकगठ्ठा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या सेवेला देऊन "यावरून नवा अर्ज लिहून दे" असे सांगण्याची पद्धत पडली आहे. त्या गठ्ठ्यात कोणाकोणाची नावे, पत्ते आणि बँकेचे तपशील आहेत, हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. शिवाय जुन्या अर्जातली चूक अशा नव्या अर्जात अधिक सफाईदार भाषेत उतरते, हा तोटा वेगळाच.

आणखी एक गोष्ट म्हणजे अर्जांची मालकी. भागीदार संस्थेबरोबर मिळून केलेला अर्ज, किंवा मानधन देऊन बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतलेला अर्ज, दुसऱ्या कोणाला दाखवण्याआधी त्यांना विचारायला हवे.

निवृत्त विश्वस्त

मी ताईंच्या विश्वस्तांच्या बाजूने बोलणार आहे, कारण त्या खुर्चीत मी बारा वर्षे बसलो आहे. सगळे ठेवणे म्हणजे जतन करणे नव्हे. ७४ फायली नव्या जागेत नेल्यात तर त्या तिथेही कुलूपबंदच राहतील. विश्वस्तांना भावनेचे कारण पटत नाही. त्यांना एक पान द्या. प्रत्येक अर्जासाठी एक ओळ: तारीख, देणगीदार, काम, किती मागितले, निकाल, नकाराचे कारण कळवले असल्यास ते, मुख्य गृहीतक आणि पुढे प्रत्यक्षात काय घडले. हा तक्ता झाल्यावर मूळ कागदांपैकी पाहण्यांचे तक्ते, अंदाजपत्रके आणि नकारपत्रे ठेवा. बाकीचे जाऊ द्या. जे ठेवाल ते स्कॅन करून पीडीएफ-ए या स्वरूपात साठवा. दीर्घकाळ टिकवायच्या कागदपत्रांसाठीच ते २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. फॅक्सच्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर आलेली पत्रे असतील तर ती आधी स्कॅन करा, कारण त्यांवरची अक्षरे दरवर्षी फिकी होत जातात.

नाकारलेल्या अर्जांचा आम्ही केलेला एक उपयोग मात्र सांगण्याजोगा आहे. नव्या कार्यकर्त्यांना आम्ही आमचेच दोन जुने अर्ज देत असू, एक मंजूर आणि एक नामंजूर, कोणता कोणता ते न सांगता आणि ओळखीच्या सर्व खुणा काढून. देणगीदाराच्या जागी बसून तासाभरात एकाची निवड करायची आणि कारणे लिहायची. निम्म्याहून अधिक जण नामंजूर अर्ज निवडत, आणि त्यांची कारणे वाचून मलाही कित्येकदा वाटे, की चूक देणगीदाराचीच झाली असावी. अर्ज कसा लिहावा यावरच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या तासाभरात ते अधिक शिकत.

गृहीतकांचा रकाना

विश्वस्त महोदयांच्या यादीत एक भर घालते. नकारपत्रे ठेवाच, पण देणगीदारांनी काढलेली अर्जाची आवाहनपत्रे आणि कोरे नमुनेही ठेवा. एकाच प्रतिष्ठानाचे दहा वर्षांतले प्रश्न ओळीने वाचले, की त्यांचे लक्ष कोठून कोठे सरकले ते दिसते. आधी "किती लाभार्थी?" एवढेच विचारणारे पुढे "बदल कसा मोजाल?" असे विचारू लागतात, आणि काही वर्षांनी "आमचा निधी संपल्यावर काय?" असे.

देणगीदारांनी स्वतःचे कागद मात्र जपले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकफेलर अभिलेख केंद्रात रॉकफेलर आणि फोर्ड या दोन्ही प्रतिष्ठानांची दप्तरे आहेत आणि इतिहासाचे अभ्यासक त्यांवर संशोधन करतात. संशोधकांच्या जगात तर २०१५ पासून रिसर्च आयडियाज अँड आउटकम्स नावाचे एक नियतकालिक अनुदानासाठी केलेले प्रस्तावही प्रसिद्ध करते. मागणाऱ्या लहान संस्थांची बाजू मात्र अशाच लोखंडी कपाटांत असते.

कपाटाची किल्ली (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. ओळखीचे तपशील असलेली पाने आधी बाजूला काढली. ती अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली. आतापर्यंत ३१ अर्जांचा तक्ता झाला आहे आणि तो पाहून विश्वस्तांनी कपाट रिकामे करण्याची मुदत दोन महिन्यांनी वाढवली आहे.

१,२०० चा माग काढण्यासाठी मी शेवटच्या अर्जापासून उलट वाचत गेले. मधल्या सहा अर्जांत तो आकडा जसाच्या तसा आहे. त्यांच्या आधीच्या अर्जात "१,२०० कुटुंबांतील शाळाबाह्य राहण्याचा धोका असलेली मुले" असे शब्द आहेत. आणि कपाटातल्या सर्वांत जुन्या फाईलमध्ये, आमच्या कार्यक्षेत्राचे साधे वर्णन करताना लिहिले आहे, "या वस्तीत सुमारे १,२०० घरे आहेत." धोक्याचा, शाळेचा किंवा मुलांचा त्या वाक्यात उल्लेखही नाही. कोणी खोटे लिहिलेले नाही; प्रत्येकाने आधीच्याचे वाक्य थोडे आटोपशीर केले, एवढेच झाले आहे.

गेल्या महिन्यातल्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. काल मी त्या प्रतिष्ठानाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र पाठवून तो आकडा मागे घेतला आणि वस्तीची नवी पाहणी झाल्यावर सुधारित आकडा कळवू, असे लिहिले. पाहणीची प्रश्नावली आज रात्री करायला बसणार आहे. "गृहीतकांचा रकाना" यांना विनंती, की आपल्या ३१२ घरांच्या पाहणीत शाळेविषयीचे प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत होते, ते शक्य असल्यास इथे द्यावेत.

गृहीतकांचा रकाना

शाळेविषयी चार प्रश्न होते. "घरात ६ ते १४ वर्षांची किती मुले राहतात?" "त्यांपैकी किती मुलांची नावे शाळेच्या पटावर आहेत?" "मागच्या आठवड्यात शाळा किती दिवस सुरू होती?" आणि चौथा, प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र, "त्यांपैकी हे मूल किती दिवस शाळेत गेले?" तिसरा आणि चौथा प्रश्न एकत्र करू नका, आम्ही पहिल्या वीस घरांत ते केले होते आणि ती वीस घरे पुन्हा फिरावी लागली.